क्रुसापाशी बोललेलं

माझी बायको व्हेरोनिका गेली ते मला समुद्रात कळलं. वायरलेसवर कुणी मरणाचं बोलत नाही, कारण सगळ्या बोटी ऐकत असतात. माझ्या चुलतभावाचा आवाज आला, "व्हिन्सेंट, डोल उचल नि घरला ये." मी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "ये तू." मग दुसऱ्या बोटींवरचं बोलणंही थांबलं. तेव्हाच मला समजलं की आमच्याच घरातलं कुणीतरी गेलं.

राघो आमच्या बोटीवरचा जुना खलाशी. तो म्हणाला, "नाखवा, जाळं ऱ्हाऊ दे, आपण निघू." पण पाणी फिरत होतं. डोल, म्हणजे ते पिशवीसारखं जाळं, तशीच सोडली असती तर ओढीनं फाटली असती. आम्ही ती ओढून घेतली. त्या दिवशी बोंबील भरपूर लागला होता, हात भरून आले.

ती वाळवणाच्या जागेवर पडली होती. बोंबलाच्या तोंडात बोंबलाचं तोंड अडकवून आम्ही जोडी दोरीवर टाकतो. एक जोडी तिच्या हातातच राहिली होती, ती बायकांनी बोटं उघडून काढली. डॉक्टर म्हणाला, हार्ट. आमची मुलगी कॅरेन कॉलेजातून आली तेव्हा कॉलेजचं कार्ड तिच्या गळ्यात तसंच होतं. आईला धुवून साडी नेसवेपर्यंत ते तिच्या गळ्यात लोंबत होतं. शेवटी कुणीतरी काढून खुंटीला लावलं.

आमच्यात मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईची. पुरुषानं आणायची, बाईनं विकायची. व्हेरोनिका भाईंदर पूर्वेला जेसल पार्कला बसायची. तिथं मृणालिनीबाई म्हणून एक गिऱ्हाईक होती, बँकेत कामाला. कॅरेन बारावी पास झाली तेव्हा त्यांनीच सायबर सिक्युरिटीचं सांगितलं. विद्यापीठाची डिग्री मिळते आणि पुढे कामाला तोटा नाही म्हणाल्या. व्हेरोनिका घरी आली ती ठरवूनच आली.

आमच्या पाली गावातल्या बायकांना ती सांगायची, "माझी पोरगी कॉम्प्युटरची चौकीदार व्हणार."

"चौकीदारीला कॉलेज लागतंय काय गो?" बायका हसायच्या.

"मंग? चोर शिकलेलं नि चौकीदार अडाणी?"

ती गेली तेव्हा कॅरेनचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आलेले पाहुणे जेवून उठताना म्हणाले, पोरीला घरी बसव, बोट बाईशिवाय चालत नसते. कॅरेन भांडी गोळा करत होती. ती म्हणाली, "मी दोन्ही करीन." आणि तिनं केलं. उजाडायच्या आधी उठून ती बोंबील दोरीवर टाकायची, मग आंघोळ करून उत्तनहून बस पकडायची. बॅगेत दुसरा शर्ट असायचा. स्टेशनवर बदलायची, कारण वर्गात कुणीतरी नाक धरलं होतं. मासळी मी किनाऱ्यावरच व्यापाऱ्याला टाकत होतो. तो सांगेल तो भाव. सुटीच्या दिवशी कॅरेन टोपली घेऊन आईच्या जागेवर बसायची.

नाताळाआधी कॉलेजात कंपनी आली आणि तिला निवडून गेली. ती मला समजावत होती, मी जाळं सांधत होतो.

"पप्पा, दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवायची. कोण घुसतंय काय ते बघायचं."

"म्हंजे चौकीदारच."

"चौकीदारच. आई बोलायची तेच."

पास व्हायचं, कॉलेजकडून चांगल्या वागणुकीचं पत्र आणायचं आणि पोलिसांची तपासणी व्हायची, एवढंच बाकी होतं. ती म्हणाली, "ह्या कामात सगळ्यात आधी माणूस बघतात. त्याच्यावर डाग न्हाय पायजे."

आमच्या मच्छीमार सोसायटीत डिझेलचं टोकन आता फोनवर मिळतं. चेअरमन डॅनियलच्या पुतण्यानं तसं करून दिलं होतं, मग तो दुबईला गेला. आमचं टोकन कॅरेनच काढायची. एकदा काढताना तिच्या लक्षात आलं की वरच्या पट्टीत आपल्या बोटीचा नंबर दिसतो. तो खोडून दुसऱ्या बोटीचा टाकला की त्या माणसाचं पान उघडतं. आधार, बँकेचं खातं, सगळं. तिनं मला दाखवायला फोन पुढे केला आणि परत मागे घेतला. "न्हाय, हे तुम्ही पण बघायचं न्हाय. मालकाला गुपचूप सांगायचं, तसं शिकवलंय."

तिनं सोसायटीतल्या पिंटूला सांगितलं. पिंटू तिथं पावत्या फाडतो. तो म्हणाला, "मशीन मी न्हाय बनवली, मना काय म्हायत." तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं "हो हो" केलं आणि विसरला. मग एका सकाळी बर्फाच्या गाड्यापाशी डॅनियल उभा दिसला तेव्हा ती त्याच्याकडे गेली. मी बर्फ डोक्यावर घेऊन उभा होतो, मानेवरून पाणी गळत होतं.

"डॅनियल अंकल, जरा बाजूला येता? खाजगी हाय."

"बोल ना इथंच. घरचीच माणसं हायत."

तिनं सांगितलं. त्याला कळेना. तो म्हणाला, "असं कसं व्हईल? दाखव." तिनं नको नको म्हटलं. तो हसून म्हणाला, "मंग कसली शिकलीस?" तेव्हा तिनं त्याच्याच बोटीचं पान उघडून दाखवलं, दुसऱ्या कुणाचं नाही. मागून चारजण डोकावले. एकानं त्याच्या खात्याचा नंबर मोठ्यानं वाचला. माणसं हसली.

डॅनियल हसला नाही. "माझं खातं तुझ्या फोनमधी कसं गं?"

"माझ्या फोनमधी न्हाय, अंकल. कुणाच्या पण फोनमधी दिसतंय. तेच सांगतेय."

"मना तर तुझ्याच फोनमधी दिसलं."

डॅनियल वाईट माणूस नाही. माझ्या लग्नात तो साक्षीला उभा होता आणि व्हेरोनिकाच्या पेटीला त्यानं खांदा दिला होता. पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर माणसं हसली होती.

त्याच आठवड्यात गेविनच्या बोटीचं डिझेल कुणीतरी आधीच उचललेलं निघालं. गेविन तरुण आहे, त्याच्या बापानंतर बोट तोच चालवतो. टोकन घेऊन तो सोसायटीच्या पंपावर गेला तर पंपवाला म्हणाला, हे तर कालच संपलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पालीत झालं की व्हिन्सेंटची पोरगी फोनमधून डिझेल काढते. दुसऱ्या दिवशी पिंटूनं मला खिडकीतून सांगितलं, "तुमचं बंद ठेवलंय. चौकशी व्हईपर्यंत." बर्फही बंद.

बाहेरच्या पंपाचं महाग डिझेल घालून डोलीचा धंदा होत नाही. बोट किनाऱ्याला बांधून पडली. बोंबलाचे दिवस होते. पहाटे बाकीच्या बोटींची इंजिनं सुरू व्हायची तेव्हा मी जागाच असायचो, पण अंथरुणातच. मग उठून जाळी काढायचो. जी जाळी फाटली नव्हती तीही राघो नि मी तपासून सांधत बसलो. समुद्रात हाताला काम असलं की अंग दुखत नाही. किनाऱ्यावर माझे खांदे आखडले. बोटीच्या तळाला शेवाळ धरलं, ते राघोनं खरवडलं. आमच्या वाळवणाच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांचे बोंबील लटकत होते. येणाजाणाऱ्या बायका त्या रिकाम्या दोऱ्यांखालून जाताना वाकायच्या नाहीत.

जेवताना राघो म्हणाला, "नाखवा, मी दुसरी बोट बघू काय? पुनव झाली की."

"बघ."

"तुम्ही बोलाल तर थांबतो."

"थांबून खाणार काय?"

त्यानं भाताचा शेवटचा घास घेतला आणि ताट स्वतःच धुतलं. एरवी तो ठेवून जायचा.

मग डॅनियल घरी आला. व्हेरोनिकाच्या फोटोपुढे उभा राहून त्यानं क्रुसाची खूण केली, खुर्चीवर बसला.

"व्हिन्सेंट, असं किती दिवस? रविवारी गावकीत बोलून टाक. तू पण सुटलास, मी पण सुटलो."

आमच्या गावात भांडण असं मिटतं. मिस्सा झाला की चर्चसमोरच्या क्रुसापाशी माणसं जमतात. ज्या घरावर आळ असेल त्या घरातल्या मोठ्यानं उभं राहायचं आणि आमच्याकडून चुकलं म्हणायचं. खरंच चुकलं का ते कुणी बघत नाही. घासाघीस करायची नाही, जे जे अंगावर येतं ते सगळं घ्यायचं. मग समोरच्याच्या हातून पाणी प्यायचं. पाणी प्यालं की तो विषय संपला. पुन्हा गावात कुणी तो तोंडातून काढायचा नाही, बोलणाऱ्यानं नाही आणि ऐकणाऱ्यानंही नाही. माझ्या बापानं दुसऱ्याची दोरी कापल्याचं असंच अंगावर घेतलं होतं. दोरी त्यानं कापलेली नव्हती हे सगळ्या गावाला माहीत होतं.

डॅनियल गेल्यावर कॅरेन आतून आली. पुस्तक हातातच होतं.

"पप्पा, काय झालं ते सांगा. पण चुकलं म्हणू नका."

"शब्दाला कोण धरतंय गावात?"

"गावात न्हाय धरत. बाहेर धरतात."

"बाहेरचं कोण येतंय क्रुसापाशी?"

"मी घुसले न्हाय. दार उघडं हाय असं सांगितलं मी. ह्या दोन गोष्टींत फरक हाय. त्याच फरकासाठी तीन वरसं शिकतेय मी."

"तुझा फरक मना कळतो. राघो चाललाय, ते तुना कळतंय काय?"

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "टोकनचं तरी नका घेऊ. ते मी केलंच न्हाय."

मी हो म्हणालो.

रविवारी ऊन लवकर चढलं. मी लग्नाचे बूट घातले होते, ते चावत होते. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला. डॅनियल माझ्यासमोर लोटी घेऊन उभा राहिला. मी म्हणालो, "आमच्या घराकडून चुकलं."

"काय चुकलं ते बोल," एक म्हातारा म्हणाला. तशी पद्धत आहे.

"माझी पोर सोसायटीच्या मशीनमध्ये घुसली."

डॅनियलनं लोटी पुढे केली नाही. माझ्या मानेवर घाम उतरत होता. गेविन समोरच उभा होता, फोन धरून. तो बारसं असो, लग्न असो, सगळ्याचं शूटिंग करतो. मला वाटलं, अर्धं बोललो तर सगळंच वाया जाईल. मी म्हणालो, "नि गेविनचं डिझेल पण आमच्याकडूनच गेलं."

डॅनियलनं लोटी दिली. मी पाणी प्यालो. त्यानं मला मिठी मारली, त्याचे डोळे भरले होते. माणसांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. मी मागे पाहिलं तर भिंतीला कॅरेन नव्हती.

सोमवारी डिझेल मिळालं. डॅनियलनं बर्फाची एक लादी जास्त पाठवली. राघो थांबला. आम्ही समुद्रात गेलो आणि डोल भरून आली. मी परत आमच्या दोरीवर बोंबील चढताना पाहिला आणि मला वाटलं, झालं, निभावलं.

गेविननं ते शूटिंग गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. वाईट मनानं नाही. खाली लिहिलं होतं की आपल्या गावात अजून अशी मोठ्या मनाची माणसं हायत. तिथून कुणी ते भाईंदरला पाठवलं. तिथं कुणीतरी मोबाइलवर बातम्या चालवतो, त्यानं त्यावर लाल अक्षरं चढवली. हॅकर मुलगी, बापाची कबुली. कॅरेनच्या वर्गात ते तिच्या आधी पोचलं.

कॉलेजनं मला बोलावलं. मी तेच बूट घालून गेलो. खोलीत एसी इतका होता की माझे गुडघे दुखायला लागले. टेबलापलीकडे तिघं होती. मधल्या ममता मॅडम कॅरेनला शिकवायच्या. त्यांनी भिंतीवर ते शूटिंग चालवलं. एवढा मोठा मी स्वतःला कधी पाहिला नव्हता. माझा घाम दिसत होता.

"हे तुम्हीच आहात ना?"

"हाय. मीच."

"कॅरेननं ते डिझेलचं टोकन घेतलं होतं?"

"न्हाय."

"सिस्टीममध्ये घुसली होती?"

"न्हाय. तिनं सांगितलं फक्त. आधी पिंटूला, मंग चेअरमनला."

"मग तुम्ही असं का म्हणालात?"

"आमच्याकडं तसं बोलायचं असतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही चर्चसमोर खोटं बोललात?"

मी म्हणालो, "खोटं न्हाय. बोलायचं असतं." कॅरेन माझ्या शेजारी बसली होती. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिच्या नखात बोंबलाचा चिकट राप होता आणि तिनं हात मांडीखाली घेतले.

ममता मॅडम आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "कॅरेन, मला तुझ्यावर शंका नाही. पण कंपनीनं व्हिडिओ पाठवून विचारलंय, आणि त्यात तुझे वडीलच सांगतायत. मी माझ्या शब्दावर पत्र देऊ शकत नाही. सोसायटीनं लिहून दिलं, की चोरी झालेली नाही आणि तू त्यांना चूक कळवलीस, तर मी स्वतः कंपनीशी बोलेन. परीक्षेला बस तू."

बसमध्ये कॅरेननं एवढंच विचारलं, "टोकन कशाला बोललात, पप्पा?"

"सगळं एकदम बोलायचं असतं."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मिठागरं गेली, मग मोर्व्याचा फाटा गेला, तरी ती तशीच.

पुढच्या आठवड्यात डिझेलचा उलगडा झाला. पंपावरच्या पोरानं दुसऱ्या बोटीचं डिझेल गेविनच्या नंबरवर लावलं होतं. गेविन स्वतः येऊन सांगून गेला. त्यानं शूटिंग ग्रुपवरून काढलं होतं, पण आता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं. तो ओट्यावर बसला नाही, उभ्यानंच बोलला. मी तसाच डॅनियलकडे गेलो. तो अंगणात दोराचं टोक विणत होता.

"गेविननं सांगितलं तुना?"

"सांगितलं."

"मंग लिहून दे. सोसायटीच्या कागदावर. कॅरेननं चोरी न्हाय केली म्हणून."

त्यानं दोर मांडीवर ठेवला. "कसली चोरी? पाणी प्यालास ना तू? तो विषय गावात न्हाय."

"कॉलेजात हाय. कंपनीत हाय."

"मी गावाचं बोलतो, व्हिन्सेंट. मी आता लिहिलं तर तू क्रुसापुढं खोटं बोललास असं ठरतं. मी तुना खोटा पाडू? नि उद्या कोण कुणाच्या हातचं पाणी पिईल? अर्धी पाली कोर्टात जाईल."

"मना पाड खोटा. चालंल मना."

"मना न्हाय चालत."

"ते मशीन तरी दुरुस्त केलं काय?"

"पुतण्या मे महिन्यात येईल तवा करील." तो पुन्हा दोर विणू लागला. जरा वेळानं म्हणाला, "पोर हुशार हाय. तिला मिळंल काहीतरी." निघताना त्याच्या बायकोनं कॅरेनसाठी कोळंबी बांधून दिली. मी ती घेतली. न घेऊन चाललं नसतं.

कंपनीनं तिच्या जागेवर दुसरं माणूस घेतलं. कॅरेन परीक्षेला बसली. पेपर झाला की घरी येऊन बोंबील दोरीवर टाकायची आणि दुसऱ्या पेपरचं वाचायची. आईसारखीच एका हाताने जोडी अडकवायला ती शिकली. परीक्षा संपल्यावर ती रोज जेसल पार्कला जायला लागली. टोपली मी रिक्षापर्यंत उचलून द्यायचो, बोट नसेल त्या दिवशी सोबतही जायचो.

एकदा मृणालिनीबाई त्यांच्या बिल्डिंगमधून खाली आल्या. पापलेट बघितलं, भाव केला. व्हेरोनिकाची आठवण काढली. टोपलीच्या काठाला पैसे स्कॅन करायचं कार्ड लावलेलं होतं, व्हेरोनिकाच्या वेळचं. त्यांनी फोन काढला, मग परत पर्समध्ये ठेवला आणि नोटा काढल्या.

"आजकाल रोखच बरं पडतं," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही हं, कॅरेन."

"चालेल, आंटी."

"पुढे काय करतेयस?"

"बघतेय."

त्या गेल्यावर कॅरेननं ते कार्ड काढलं, टोपलीखाली सारलं. मी पलीकडे बर्फ फोडत होतो. मी पाहिलं असं दाखवलं नाही. ती पापलेटावर पाणी मारत म्हणाली, "पप्पा, वरच्या बाजूला बर्फ कमी हाय." मी बर्फ घातला.

तिचा निकाल आला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली. ममता मॅडमचा अजून मधून मधून फोन येतो, सोसायटीनं लिहून दिलं का म्हणून. दुसऱ्या कंपन्या आहेत म्हणतात, पण त्याही नाव टाकून शोधतात आणि नाव टाकलं की मी दिसतो, घामेजलेला, लोटी घेऊन.

डॅनियल लिहून देणार नाही. मग एकच उरतं. मी पुन्हा गावकी बोलवायची आणि त्याच जागी उभं राहून सांगायचं की त्या दिवशी मी बोललो ते खरं नव्हतं, आणि गेविनला म्हणायचं, हेही शूट कर. असं आमच्या गावात आजवर कुणी केलेलं नाही. केलं तर डिझेलचं काय होईल ते मला माहीत आहे. राघो आहे, त्याची बायकापोरं आहेत. कॅरेननं मला ते करायला सांगितलेलं नाही. एकदाही नाही.

रविवारी मिस्सा सुटला की माणसं क्रुसापाशी थांबतात. मी बुटांचे बंद बांधल्यासारखं करतो आणि सरळ घरी येतो. मी अजून बोललेलो नाही.